तापीमुखावरील शाळा : परिसर-शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा विचार

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, खानदेशाच्या काळ्या जमिनीतून वाहते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट सरल्यावर सुरतेच्या खाली, हजीऱ्यापाशी, खंबायतच्या आखातास मिळते. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची वाटही हीच. गावी जी नदी, तीच येथे. शाळेत मात्र ती नकाशावरची एक निळी रेघ होऊन राहते. या रेघेपासून खऱ्या नदीपर्यंत मुलास कसे न्यावे, हाच परिसर-शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा मूळ प्रश्न होय.

शाळाशाळांतून हे शिक्षण दिले जावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्याची अंमलबजावणी मंदावली, म्हणून २००३ साली न्यायालयाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस नमुना-अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले व तो २००४ साली सिद्ध झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने हा विषय सर्व विषयांत मिसळण्यावर भर दिला. या दोन मार्गांचा वाद अद्याप मिटलेला नाही. विषय वेगळा केला की तो गुणपत्रिकेत दिसतो, पण घोकंपट्टीच्या हाती जातो. सर्वांत मिसळला की सर्वांचा होतो, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, या न्यायाने वाऱ्यावर सुटतो. वस्तुतः विषय कोठे बसवावा यापेक्षा त्यातून मुलाच्या हाती काय यावे, हे आधी ठरले पाहिजे.

या बाबतीत मराठी माणसास दूर जावयास नको. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणावर गेली, आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी व खड्यांनी घेतली. मुलाचे काम हा शिक्षणातील अडथळा न मानता त्यासच शिक्षणाचे साधन करणे, हा या प्रयोगाचा गाभा होता.

हजीऱ्यास हाच गाभा लावून पाहावा. एके काळी हे गाव औषधी गुणांच्या पाण्याच्या विहिरींसाठी व आरोग्यास मानवणाऱ्या हवेसाठी ओळखले जाई. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत येथे समुद्रातील नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणारा प्रकल्प, खतांचा कारखाना, रसायने व पोलाद यांचे उद्योग उभे राहिले. पुढे मोठे बंदर झाले. त्यामुळे येथील एका बाकावर मासेमाराचा मुलगा बसला असेल, तर शेजारी कारखान्यातील कामगाराची मुलगी असणार. पाठाने उद्योगाची केवळ स्तुती केली, तर पहिल्यास आपल्या घरचे दुःख म्हणजे प्रगतीची किंमत, असे ऐकावे लागते. केवळ निंदा केली, तर दुसरीस आपल्या बापाची भाकरी पापाची वाटते. दोन्ही परी शिक्षण नव्हेत. मुलास निकाल सांगू नये. निकालापर्यंत पोचण्याची साधने द्यावीत.

एतदर्थ अभ्यासक्रमाच्या तीन पायऱ्या कल्पिता येतील. पहिली पायरी ओळखीची. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांतून ‘परिसर अभ्यास’ शिकविला जातो. त्यातील परिसर खरोखर त्या गावचा असावा. हजीऱ्याच्या मुलाने खाडीकाठी जाऊन तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे पाहावी, चिखलावर उड्या घेणारी निवटी पाहावी, आणि त्यांची नावे गुजरातीत, मराठीत, घरच्या बोलीत लिहून घ्यावी. ज्यास नाव नाही, त्याची काळजी कोणी करीत नाही.

दुसरी पायरी मोजमापाची. भरती-ओहोटीच्या वेळा नोंदवाव्यात, पर्जन्यमापकातील पाणी रोज वाचावे. विहिरीचे एक लिटर पाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली आटवून उरलेला क्षार तोलावा. समुद्राच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असतो. मग आपल्या विहिरीत किती, आणि गतवर्षी किती होता? येथे गणित, भूगोल व विज्ञान आपोआप एकत्र येतात.

तिसरी पायरी नागरिकत्वाची. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९९१ पासूनचे किनारा-नियमन यांची कलमे पाठ करण्यापेक्षा नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीचा वृत्तांत वर्गात वाचावा. कोणी काय विचारले आणि कोणते उत्तर आले, हे तपासावे. दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय याच वयात लागते.

परीक्षेचा प्रश्न उरतो. प्रत्येक मुलाच्या पाठांतरास गुण देण्याऐवजी शाळेने एक नोंदवही ठेवावी व प्रत्येक वर्गाने तीत आपल्या वर्षाची भर घालावी. शिक्षक बदलून जातात, मुले शाळा सोडतात, वही राहते. दहा वर्षांनी गावाजवळ स्वतःच्या हातची साक्ष असेल, आणि पाणी बदलले की नाही, या वादात तिला मोल येईल. अशा कामात वृद्ध नाखवा व कारखान्यातील रसायनज्ञ दोघेही गुरुस्थानी असू शकतात.

ही वही एका गावाची राहू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग बुडाला. वरच्या अंगाचा पाऊस खालच्या अंगास पूर होऊन येतो, हे नुसत्या पुस्तकातून जितके कळेल, त्याहून अधिक भुसावळच्या शाळेने आपल्या पावसाचे आकडे हजीऱ्याच्या शाळेस पत्राने कळविल्यास कळेल. अभ्यासक्रमात अशा पत्रव्यवहारास दर आठवड्यास एक तास राखून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. मग नकाशावरील ती निळी रेघ मुलांच्या हस्ताक्षरांनी भरून जाईल.