बोट कधी उचलायचं?

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



आज पुढच्या रांगांमध्ये शाळकरी मुलं बसली आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो आहे. यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर बीजीएमआय हा बंदुकांचा खेळ असेल. खेळताना बंदुकीच्या चित्राला लागून एक छोटं बटण दिसतं: सिंगल, बर्स्ट की ऑटो. आज मी फक्त त्या बटणाविषयी बोलणार आहे, कारण सगळा खेळ तिथे फिरतो आणि तिकडे कुणी पाहत नाही.

आधी एक हिशेब करू. काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या खेळातली एके-47 मिनिटाला 600 गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला 10. मॅगझिन 30 गोळ्यांचं. बोट दाबून धरलं की 3 सेकंदांत बंदूक रिकामी. आता माणसाकडे या. डोळ्याला काही दिसून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे पहिली गोळी चुकली हे कळून नेम सुधारेपर्यंत आणखी दोन गोळ्या सुटून गेलेल्या असतात. सिंगलमध्ये प्रत्येक गोळीनंतर तुम्हाला पाहता येतं. बर्स्टमध्ये तीन गोळ्यांनंतर. ऑटोमध्ये पाहायला सवडच नाही, तिथे हाताला जे पाठ असेल तेच कामी येतं.

पाठ हा शब्द मी जपून वापरतोय. या खेळात एके-47 चा धक्का ठरलेल्या वाटेने जातो. नळी आधी वर चढते, मग डावी-उजवीकडे झुलते. भिंतीसमोर उभं राहून पूर्ण मॅगझिन झाडा, भोकांची एक आकृती उमटेल. पुन्हा झाडा, जवळपास तीच उमटेल. म्हणून जाणते खेळाडू तबल्याचा कायदा बसवावा तसा तो धक्का हातात बसवतात: माऊस आधी खाली, मग झोक्याच्या उलट. असा रियाज असेल आणि शत्रू चार पावलांवर असेल, तर ऑटोसारखं दुसरं काही नाही.

याच खेळातल्या डस्ट 2 या नकाशाच्या लांबलचक वाटेवर मात्र गणित उलटतं. तिथे एके-47 ची एक गोळी डोक्यात बसली तर हेल्मेट असूनही समोरचा पडतो. एम4ए4 या दुसऱ्या रायफलीची तशीच गोळी हेल्मेटवाल्याला थोडक्यात जिवंत सोडते, दुसरी लागतेच. म्हणून एके-47 वाला लांबून एकेक गोळी टिपतो, आणि एम4ए4 वाल्याला दोन-तीन गोळ्यांचा छोटा हप्ता परवडतो. गंमत म्हणजे या दोन्ही बंदुकांना बर्स्टचं बटणच नाही. तो हप्ता बोटाने मोजायचा असतो, आणि मला तीच खरी कला वाटते.

दुसऱ्या एका खेळात मात्र बर्स्टचं बटण होतं. पबजी 2017 मध्ये आला तेव्हा त्यातल्या एम16ए4 रायफलीला सिंगल आणि बर्स्ट एवढेच पर्याय होते. ही नक्कल खऱ्या इतिहासाची. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांच्या एम16ए1 ला ऑटो होतं आणि त्यात गोळ्या वारेमाप उडाल्या. 1980 च्या दशकात आलेल्या एम16ए2 मध्ये ऑटो काढून तीन गोळ्यांचा बर्स्ट बसवला. पुढे एम4ए1 मध्ये ऑटो पुन्हा आलं. आपल्या इन्सास रायफलमध्येही सिंगल आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट होता, आणि तिची रचना झाली ती इथे पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या संस्थेत. एम16ए2 ची एक खोड सांगतो. दोन गोळ्यांनंतर बोट उचललं, तर पुढच्या दाबाला राहिलेली एकच गोळी सुटायची. यंत्र आपली मोजणी विसरत नसे. गेममध्ये सहसा एका दाबाला तीनच्या तीन सुटतात, त्यामुळे हा फरक मुलांना कधी जाणवत नाही.

माझा पुतण्या गेल्या सुट्टीत शेजारी बसून फोनवर बीजीएमआय खेळत होता. हातात एम416 रायफल, वर 4एक्स स्कोप, दूरच्या टेकडीवर शत्रू. त्याने ऑटोवर अंगठा दाबून धरला. पहिली गोळी लागली असावी, बाकी सगळ्या आभाळात. स्कोपमधून धक्काही मोठा दिसतो, आणि या खेळात गोळीला पोचायला वेळ लागतो, वाटेत ती खालीही येते. मी म्हटलं, “बाळा, सिंगल कर. एक सोड, कुठे पडते ते बघ.” त्याने एक सोडली. खडकाच्या कडेला धूळ उडाली. क्रॉसहेअर केसभर वर नेला. मग अंगठा उचललेलाच ठेवून तो क्षणभर थांबला, आणि तो क्षण पाहून मला फार बरं वाटलं.

आता पडद्यावर मी भिंतीवरची ती तीस भोकं दाखवतो. मागचे दिवे घालवा. पहिली दोन-तीन किती जवळ आहेत बघा, आणि पुढची कुठे चढत गेली आहेत तेही बघा.