नोट्स सगळ्यांना वाचता याव्यात

(यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी कुणी पुसदला शिकतं, कुणी दारव्ह्याला, कुणी उमरखेडला. विद्यापीठ मात्र अमरावतीला. १९८३ साली ते सुरू झालं, तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं साध्या कागदासाठी एसटीने अमरावती गाठावी लागायची. आता परीक्षेचा अर्ज, वेळापत्रक, निकाल सगळं मोबाइलवर मिळतं. आपला दिवस वाचतो, भाडं वाचतं. ज्याला दिसत नाही किंवा चालता येत नाही, त्याला तर याचा उपयोग आपल्यापेक्षा जास्त व्हायला हवा. तो होतो का, एवढंच आज बोलायचं आहे.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बी.ए.च्या एका विद्यार्थिनीला दिसत नाही. ती टॉकबॅक वापरते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही सोय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोट्स आल्या की ती फाइल उघडते, आणि फोन गप्प बसतो. कारण फाइलमध्ये अक्षरंच नसतात, वहीच्या पानांचे फोटो असतात. ती म्हणाली, "सर, वाचून दाखवायला भाऊ आहे घरी. पण त्याला वेळ असेल तेव्हाच माझा अभ्यास होतो."

तिची बुद्धी कमी नाही, मेहनत कमी नाही. तिचा अभ्यास अडला आहे तो फाइल कशी तयार केली यावर.

टाइप केलेल्या नोट्सही कधीकधी तशाच निघतात. आपल्याकडे अजून बरंच मराठी टायपिंग कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये होतं. त्यात 'मराठी' हा शब्द डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तीच अक्षरं बोलतं. ऐकणाऱ्याला काय कळणार? युनिकोडमध्ये टाइप केलं की 'म' हा 'म'च राहतो. उर्दूतही हाच प्रश्न आहे. इनपेजच्या जुन्या फाइली किंवा पानाचा फोटो काढून पाठवलेले धडे ऐकता येत नाहीत.

सूचनांचं बघा. कार्यालयात सूचना टाइप होते, तिची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढतो. म्हणजे हातात असलेली अक्षरं पुसून आपण त्यांचं चित्र करतो. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर ठेवा, पण शेजारी मूळ मजकूरही द्या. त्याला पैसे लागत नाहीत.

हा प्रश्न फक्त दृष्टिहीनांचा नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला व्याख्यानाच्या व्हिडिओवर खाली अक्षरं हवीत. हात नीट चालत नाही त्याला माउसशिवाय, फक्त कीबोर्डने अर्ज भरता यायला हवा. अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगितली आणि ती ऐकायची सोय नसली, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याचा अर्ज तिथेच अडतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मानली आहेत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि कलम ४२ सांगतं की इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं. अ‍ॅसिडहल्ल्यात चेहरा भाजलेल्या महिलेला ऑनलाइन ओळख पटवताना पापण्यांची उघडझाप करून दाखवता येत नव्हती. न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

प्रवेशाची जागा द्यायची आणि वाचता येणार नाहीत अशा नोट्स द्यायच्या, याला शिक्षण दिलं असं म्हणता येणार नाही.

आपण हक्कांबद्दल बोलतो तेव्हा जावेद आबिदी हे नाव आठवायला हवं. १९६५ साली अलीगढला जन्मलेले आबिदी चाकाच्या खुर्चीवर फिरत. अपंगांच्या हक्कांसाठी पहिला कायदा व्हावा म्हणून १९९५ साली दिल्लीत जे आंदोलन झालं, त्यात ते पुढे होते. त्याच डिसेंबरात संसदेने तो कायदा मंजूर केला. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा लढा एका समाजापुरता नव्हता, देशातल्या प्रत्येक अपंग नागरिकासाठी होता. नागरिक म्हणून हक्क मागणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता कामाचं बोलू. तुम्ही चार गोष्टी करू शकता.

पहिली, नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा. टाइप येत नसेल तर फोनला मराठीत बोलून लिहायला सांगा आणि चुका दुरुस्त करा. फाइलमध्ये मथळ्यांना मथळ्याची शैली द्या, नुसती ठळक अक्षरं करू नका. आकृतीखाली दोन ओळींत तिचं वर्णन लिहा.

दुसरी, आज घरी गेल्यावर टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्या महाविद्यालयाची ताजी सूचना शोधून दाखवा. संगणकावर एनव्हीडीए वापरा. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात केली, आणि ते आजही मोफत मिळतं.

तिसरी, जिथे अडलं ते तारखेसह लिहून प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. शासकीय आणि अनुदानित संस्थांत तक्रार निवारण अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.

चौथी, आणि ही सगळ्यांत आधी करा. तुमच्या वर्गात, मोहल्ल्यात असा विद्यार्थी असेल तर त्यालाच विचारा, तुला काय अडतं? आपल्याकडे अपंग मुलीला घरचे एकटीला बाहेर पाठवायला कचरतात. तिच्यासाठी बऱ्याचदा हातातला फोन हेच महाविद्यालय असतं. ते तिला उघडता आलं पाहिजे.

येत्या परीक्षेआधी प्रत्येकाने एका विषयाच्या नोट्स अशा तयार करून ग्रुपवर टाकाव्यात, एवढं मागून थांबतो.