कामाच्या जागेतील बिनतारी टेलिफोन



रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका खिशातला छोटा फोन काढते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावते. त्या फोनला तार नाही आणि तिचे बोलणे मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याकडेही जात नाही. ज्या वायफायवरून तपासणीचे अहवाल जातात, त्याच जाळ्यातून तिचा शब्दही जातो. तो कसा जातो, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

पूर्वीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असे. येथे त्याचे काम एक संगणक करतो. प्रत्येक फोनचा ठावठिकाणा त्याच्या वहीत असतो. तो घंटी वाजवतो, दोघांची गाठ घालून देतो आणि पुष्कळदा बाजूला होतो. या कामाच्या सांकेतिक बोलीला ‘सिप’ म्हणतात. तिचे नियम १९९९ साली प्रसिद्ध झाले.

पुढे फोन आवाजाचे माप घेऊ लागतो. जी.७११ या रूढ पद्धतीत सेकंदाला ८,००० वेळा माप घेतात आणि त्याचे ६४,००० बिट होतात. मग बहुधा २० मिलिसेकंदांचे एक, अशी सेकंदाला ५० पुडकी बांधून, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालून ती रवाना होतात.

खरी अडचण पुढेच आहे. अहवाल दोन सेकंद उशिरा आला तरी तो अहवालच असतो. उशिरा आलेला शब्द मात्र फुकट जातो. म्हणून हरवलेले पुडके सहसा पुन्हा मागवीत नाहीत. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. परंतु वायफायची हवा सामायिक. तेथे प्रत्येकाला आपली पाळी पाहावी लागते. आवाजाला अग्रक्रम देण्याचा नियम २००५ मध्ये झाला. पण तो जाळ्यात नीट लावून घ्यावा लागतो.

शिवाय परिचारिका चालते. वऱ्हांडा ओलांडताना फोन छतावरची एक वायफायची पेटी सोडून दुसरी धरतो. तेथे ओळख पटविण्यात वेळ गेला तर वाक्य तुटते. हा वेळ कमी करण्याचा नियम २००८ मध्ये आला.

आणि वीज? जुना तारेचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चाले. घरात अंधार झाला तरी तो बोले. येथे खिशातल्या फोनला बॅटरी असते, पण छतावरची पेटी विझली की तो मुका होतो. तेव्हा त्या पेट्या, त्यांना जोडणारी यंत्रे आणि तो ऑपरेटर-संगणक, या सर्वांमागे राखीव वीज हवी.

म्हणून अशी व्यवस्था घेणाऱ्या संस्थांना आमचे एवढेच सांगणे आहे : विक्रेत्याच्या टेबलाशी आवाज स्वच्छ आला, यावर समाधान मानू नका. जिन्यात, तळघरात, लिफ्टच्या दाराशी बोलत बोलत चालून पाहा. अहवालांची गर्दी असताना बोलून पाहा. एकदा, कोणाला धोका होणार नाही अशी वेळ नेमून, वीज बंद करूनही पाहा. या यंत्राची किंमत शांत दुपारी ठरत नाही. रात्री एका माणसाला दुसऱ्याची तातडीने गरज पडते, त्या क्षणी ती ठरते.