एका पगारात डॉक्टर

(आपल्या मंडळाच्या 'पालक आणि विद्यार्थी' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. दिवाळी अंकासाठी थोडा नीटनेटका करून.)



"मेडिकल स्कूल आणि घरखर्च" या विषयावर बोल असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी कॉम्प्युटरवाला माणूस. आमच्या घरात डॉक्टर आहेत, पण तो मी नव्हे. त्यावर आपले अध्यक्षकाका म्हणाले, "डॉक्टरीणबाई रविवारी ड्यूटीवर आहेत, आणि हिशोबाची वही तूच लिहीत होतास ना?" तेव्हा आज तुमच्यासमोर उभा आहे तो डॉक्टर नाही, डॉक्टरांचा कारकून आहे.

आधी थोडी ओळख. मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, २०११ साली इकडे एम.एस. करायला आलो आणि गेली बारा वर्षं आय.टी. कन्सल्टिंग करतोय. बायको इथेच वाढलेली, अमेरिकन नागरिक. २०१६ मध्ये आमचं लग्न झालं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तिचं मेडिकल स्कूल फिलाडेल्फियात सुरू झालं. म्हणजे संसाराची पहिली चार वर्षं एक पगार, एक विद्यार्थिनी आणि वर्षाला साधारण ५४ हजार डॉलर फी. त्या वर्षांबद्दल बोलतो. पण त्याआधी इथे बसलेल्या आई-वडिलांना एक तारीख लिहून घ्यायला सांगतो : १ जुलै २०२६.

आमच्या वेळी 'ग्रॅड प्लस' नावाचं सरकारी कर्ज होतं. फी, घरभाडं, जेवणखाण, पुस्तकं असा जो एकूण खर्च कॉलेज ठरवून देतं, तेवढं सगळं कर्ज सरकारकडून मिळायचं. २०२५ च्या जुलैमध्ये जो कायदा झाला, त्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस बंद केलं. त्याआधीच शिकत असलेल्या आणि कर्ज घेतलेल्या मुलांना काही काळाची सवलत आहे, पण नव्याने जाणाऱ्या मुलाला मेडिकल स्कूलसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, एवढंच सरकारी कर्ज मिळतं. अनेक खाजगी कॉलेजांत नुसती फीच याच्या वर जाते. उरलेलं कुठून आणायचं? खाजगी बँकेचं कर्ज, नाहीतर आई-बाबांची पुंजी, नाहीतर काटकसर. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येकाच्या हातात नसतात. तिसरी असते.

ज्यांची मुलं एच-४ व्हिसावर आहेत त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सरकारी शिक्षणकर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-४ वर मिळत नाही. शिवाय कित्येक मेडिकल स्कूल परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-४ सुद्धा संपतो. हा विचार बारावीत नको, नववीत करा.

आता आमचा हिशोब. आम्हा प्रोग्रामर लोकांना एक सवय लागलेली असते. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर दिसेल ती ओळ सुधारत बसायचं नाही. आधी मोजायचं, वेळ नेमका कुठे जातोय ते बघायचं, आणि तिथेच हात घालायचा. पैशाचंही तसंच आहे. आपल्याकडे काटकसर म्हटलं की पहिली कुऱ्हाड बिचाऱ्या चहा-कॉफीवर पडते. आम्ही दोन महिने प्रत्येक डॉलर एक्सेलमध्ये लिहिला, तेव्हा दिसलं की मोठे खर्च तीनच आहेत. भाडं, गाडी आणि व्याज. कॉफी या यादीत फार खाली होती.

२०१७ मध्ये माझ्या हातात महिन्याला ५,२०० डॉलर यायचे. भाडं १,१५०, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण तिचं कॉलेज चालत वीस मिनिटांवर. वीज, हीटिंग आणि इंटरनेट १८०. वाणसामान ३५०. एकच जुनी कोरोला, तिचा विमा, पेट्रोल आणि ट्रॉलीचं भाडं मिळून ३३०. फोन ६०, कारण सासऱ्यांच्या फॅमिली प्लॅनमध्ये आम्ही घुसलो होतो. पुस्तकं आणि परीक्षा २००. पुण्याला आई-बाबांना ३००. 'भारत फंड' १५०, त्याबद्दल पुढे सांगतो. किरकोळ १८०. बेरीज २,९००. उरलेले २,३०० डॉलर दर महिन्याला वेगळ्या खात्यात, आणि तिथून थेट फीमध्ये. म्हणजे वर्षाला साधारण २७ हजार आम्ही भरत होतो आणि तेवढंच कर्ज काढत होतो. घरखर्चासाठी कर्जाचा एक डॉलरही घ्यायचा नाही आणि ग्रॅड प्लसला हात लावायचा नाही, हे दोनच नियम होते.

ग्रॅड प्लसचं एवढं वावडं का? तर २०१७-१८ मध्ये त्याचा दर ७ टक्के होता, आणि पैसे हातात पडण्याआधीच चार टक्क्यांहून जास्त फी कापली जायची. व्याज पहिल्या दिवसापासून चालू. समजा पहिल्या वर्षी घरखर्चासाठी २० हजार घेतले. चार वर्षांचं सरळ व्याज ५,६००. पदवी हातात येते तेव्हा तेच २० हजार २५,६०० झालेले असतात, आणि रेसिडेन्सीची तीन ते सात वर्षं अजून बाकी. कर्जाच्या पैशाने खाल्लेली दहा डॉलरची थाळी पावणेतेरा डॉलरला पडते. थाळी तीच, मीठ तेवढंच.

आणखी एक गोष्ट फार थोड्या मुलांना माहीत असते. सरकारी कर्ज जास्त उचललं गेलं असेल तर १२० दिवसांच्या आत परत करता येतं, आणि परत केलेल्या रकमेवरचं व्याज आणि फी माफ होते. कॉलेज जेवढं देऊ करतं तेवढं सगळं घ्यायलाच हवं असा नियम नाही. ताटात वाढलंय म्हणून संपवायलाच पाहिजे, हा आपला संस्कार जेवणापुरता ठेवावा.

बाकीची बचत साधी होती. कॉलेजचा आरोग्य विमा घ्यावा लागतो, पण तुमचा दुसरा विमा असेल तर बहुतेक ठिकाणी तो नाकारता येतो. ती माझ्या ऑफिसच्या विम्यात होती, त्यामुळे आम्ही अर्ज करून तो काढून टाकला. हा अर्ज दरवर्षी मुदतीत करावा लागतो. पाठांतरासाठी 'अँकी' हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट आहे. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून. मात्र बोर्डाच्या परीक्षेची प्रश्नपेढी आम्ही पूर्ण पैसे देऊन घेतली. तिथे कंजुषी करून परीक्षा बुडाली असती तर सगळीच बचत पाण्यात.

रविवारी दुपारी स्वयंपाकघर माझं. कुकरचे तीन डबे, दोन उसळी, एक आमटी, आणि पोळ्या. पोळ्यांच्या आकाराबद्दल सासूबाई अजून बोलतात. तुरीची डाळ आणि तांदूळ मोठ्या पोत्याने, भाजणी पुण्याहून. तिसऱ्या वर्षी ती पहाटे पाचला हॉस्पिटलात जायची तेव्हा डबा रात्रीच भरलेला असायचा. वर्गातली मुलं म्हणायची, तुझ्या डब्यात रोज काय असतं? त्यातली दोघं पुढे आमच्याकडे मुगाची खिचडी करायला शिकली. त्या दोघांचं कर्ज त्यामुळे किती कमी झालं ते विचारलेलं नाही.

लोक काय म्हणतील, हाही एक खर्चच असतो, आणि एक्सेलमध्ये त्याला रकाना नसतो. आमच्या बरोबरीच्या मित्रांची घरं झाली, नव्या गाड्या आल्या. आम्ही कुणाच्या तरी बेसमेंटमधला सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. वाढदिवसांना आम्ही भेटवस्तूऐवजी घरचे बेसनलाडू न्यायचो. पहिल्यांदा संकोच वाटला. नंतर लोकच "लाडूवाले आले का?" असं विचारायला लागले.

आता तो भारत फंड. महिन्याला दीडशे डॉलर, आणि काही झालं तरी त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये पहाटे तीनला आईचा फोन आला, बाबांची बायपास परवा आहे. फंडात तेव्हा २,२५० डॉलर होते. तिकीट १,४०० चं. मी संध्याकाळच्या विमानात होतो. बाबा शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न काय? "अरे, तिच्या फीचं काय?" मी म्हटलं, "बाबा, फी वेगळ्या खात्यात आहे." ते हसले आणि डोळे मिटून झोपले. मुलामुलींनो, परदेशात काटकसर करायची ती अशा पहाटेसाठी. त्या वेळी क्रेडिट कार्डाची मर्यादा आठवत बसायला लागू नये.

पण काटकसरीला एक सीमा असते, आणि त्याबद्दल बोललो नाही तर हे भाषण अर्धवट राहील. २०१९ च्या सुरुवातीला तिची स्टेप वनची तयारी चालू होती. तेव्हा त्या परीक्षेला मार्क असायचे. जानेवारी २०२२ पासून ती नुसती पास-नापास झाली आहे. एका रात्री मी घरी आलो तर ही बाई अंगात कोट घालून अभ्यासाला बसलेली, आणि हीटिंग साठ डिग्रीवर. म्हटलं, "अगं, हे काय?" म्हणाली, "अरे, महिन्याला तीस डॉलर वाचतात." मी हीटिंग अडुसष्टवर नेलं आणि तिला एक नाव ऐकवलं.

आनंदीबाई जोशी. याच फिलाडेल्फियात, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात शिकल्या. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा वय अठरा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या पोरीसारखं ठेवून घेतलं, कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली पाठीशी उभ्या राहिल्या. तरी इथली थंडी आणि सवयीचं अन्न नसणं त्यांच्या प्रकृतीला झेपलं नाही. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. आनंदीबाईंच्या काळी क्षयावर औषध नव्हतं, आज आपल्याजवळ सगळं आहे. तेव्हा झोप, ऊब, पोटभर जेवण आणि स्वतःचा डॉक्टर, या चार गोष्टींवर बचत करायची नाही, असा तिसरा नियम आम्ही त्या रात्री वहीत लिहिला.

नशिबाने थोडी साथही दिली, तेही मांडायला हवं. स्टेप टू सी.एस. नावाच्या प्रत्यक्ष परीक्षेला सुमारे १,३०० डॉलर लागायचे. ती मार्च २०२० मध्ये थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. रेसिडेन्सीच्या मुलाखतींसाठी मुलं पूर्वी दहा-पंधरा गावं विमानाने फिरायची. २०२० मध्ये त्या सगळ्या ऑनलाइन झाल्या. सरकारी कर्जावरचं व्याजही मार्च २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत शून्य होतं. हे सगळं एका भयंकर साथीमुळे झालं, आणि त्या काळात तिने हॉस्पिटलात जे पाहिलं ते कुठल्याही हिशोबात बसत नाही. पण आकडे सांगतोय तर पूर्ण सांगितले पाहिजेत. २०२१ ला ती डॉक्टर झाली तेव्हा कर्ज सव्वा लाखाच्या आत होतं. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांचा मधला आकडा या देशात २ लाखांच्या घरात आहे.

या फरकाचा अर्थ काय? ती फॅमिली मेडिसिनमध्ये गेली, कारण तिला तेच करायचं होतं. कर्ज दुप्पट असतं तर जास्त पगाराची शाखा निवडावी लागली असती, असं ती स्वतःच म्हणते. माझ्या दृष्टीने आमच्या चार वर्षांच्या उसळींची किंमत ती एवढी आहे.

मुलांनो, फुकट शिक्षणही आहे, त्याचा शोध घ्या. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये मेडिकलची फी माफ केली, अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये. जॉन्स हॉपकिन्सने २०२४ मध्येच तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी माफ केली. आपल्या राज्यातलं सरकारी कॉलेज तर आधी बघाच. नावापेक्षा कर्ज जास्त काळ सोबत राहतं.

आणि आता मंडळाकडे मागणं, कारण मराठी माणूस माइक हातात आला की मागणं मागतोच. तीन गोष्टी. एक, एमकॅटच्या पुस्तकांचं एक कपाट, वापरून परत करायचं. दोन, दूरच्या हॉस्पिटलात महिनाभर रोटेशनला जाणाऱ्या मुलांसाठी एक यादी, कुणाकडे रिकामी खोली आहे त्याची. त्या एका महिन्याचं भाडं विद्यार्थ्याला फार जड जातं. तीन, परीक्षेच्या आठवड्यात एक डबा. कार्पेंटरबाई अनोळखी मुलीसाठी समुद्रापलीकडे पत्र लिहू शकल्या, आपल्याला तर फक्त दोन एक्झिट पुढे जायचंय. पहिली खोली आमची. यादीत आमचं नाव घालूनच मी खाली बसतो.