अदृश्य तारेचा शोध

रायपूरच्या गोलबाजारातील एखाद्या दुकानाची कल्पना करावी. संगणकावर लिनक्स आहे, त्यात वर्षाचे हिशेब आहेत, आणि बिनतारी जोडणी अचानक तुटते. सारे पुसून प्रणाली नव्याने बसवावी, असा सल्ला लगोलग मिळतो. पण दिवा लागेना म्हणून कोणी घर पाडीत नाही!

निदान क्रमाने व्हावे. प्रथम ‘आरएफकिल’ या आज्ञेने रेडिओच बंद तर नाही ना, हे पाहावे. कधी कधी कळफलकावरील एक कळच अपराधी ठरते. मग ‘डीमेसेज’च्या नोंदींत फर्मवेअर न सापडल्याची तक्रार आहे काय, ते शोधावे. जोडणी लागते पण वारंवार तुटते, तर दोष हवेत असू शकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ व ११ हे तीनच मार्ग एकमेकांस न भिडणारे. दाट वस्तीत तेही गजबजतात. ५ गिगाहर्ट्झवर वाव अधिक, मात्र त्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात.

जोडणी स्थिर आहे, राउटर व बाहेरचा अंकरूपी पत्ता ‘पिंग’ला उत्तर देतात, केवळ नावे उमगत नाहीत, तर दोष नामसेवेचा होय.

निर्दोष ते एकेक वगळीत जावे. उरेल तो बिघाड. हिशेबाच्या वह्या मात्र शाबूत राहतात.