सात-बारा आपला, बोजा दुसऱ्याचा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'नवे तंत्रज्ञान आणि आपण'. माझी नोकरी सगळी बँकेत गेली. त्यामुळे कोणतंही यंत्र पाहिलं की पहिला प्रश्न बँकेचाच सुचतो : मालमत्ता नक्की कोणाची?

शेतकरी कर्जाला आला की आम्ही सात-बारा मागायचो. मालक म्हणून नाव त्याचंच असायचं, पण आमची नजर जायची 'इतर हक्क' या रकान्याकडे. तिथं कोणाचा बोजा आहे ते आधी बघायचं. आज घरोघरच्या लॅपटॉपची गत तशीच झालीय. बिल आपल्या नावाचं, पण बॅटरी आत चिकटवलेली, मेमरी बोर्डावर कायमची बसवलेली आणि बोर्डाचा नकाशा कंपनीच्या तिजोरीत. म्हणजे सात-बारा आपला, बोजा दुसऱ्याचा!

आमच्या नातवाच्या लॅपटॉपचं चार्जिंग बंद झालं. दुरुस्ती केंद्रात सांगितलं, "अख्खा बोर्ड बदलावा लागेल." आकडा ऐकून मी गुपचूप घरी आलो. शेवटी बाजारातल्या एका मुलानं भिंगाखाली धरून नुसता चार्जिंग जॅक बदलून दिला. म्हणाला, "काका, नकाशा मिळाला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. सगळं अंदाजानं करावं लागतं."

नकाशाचं महत्त्व आपल्या सोसायटीला वेगळं सांगायला नको. बी विंगची पाइपलाइन फुटली तेव्हा बिल्डरकडून आलेल्या कागदांत तिचा नकाशाच नव्हता. भिंत तीन ठिकाणी फोडली! नंतर प्लंबरकडून नकाशा काढून घेऊन तो ऑफिसात लावला. पुढची गळती तासाभरात सापडली.

आता मुद्द्यावर येतो. जर्मनीत, बर्लिनमधल्या एका छोट्या कंपनीनं 'एमएनटी रिफॉर्म' नावाचा लॅपटॉप तयार केलाय. २०२० साली लोकांकडून आगाऊ पैसे जमवून त्यांनी तो बाजारात आणला. त्याच्या बोर्डाचे नकाशे आणि पेटीची रेखाटनं सगळ्यांसाठी खुली आहेत. पाठीचं झाकण पारदर्शक, त्यामुळे आत काय आहे ते दिसतं. बॅटरी म्हणजे नळकांड्यासारखे आठ सुटे सेल. एखादा गेला तर तेवढाच बदलायचा. प्रोसेसर वेगळ्या कार्डावर असतो. पुढे चांगला प्रोसेसर आला तर कार्ड बदला, बाकी लॅपटॉप तोच राहतो. टचपॅड हवा की बोटानं फिरवायचा गोळा, तेही आपणच ठरवायचं. कोणीही नकाशात सुधारणा करावी. फक्त सुधारलेली वस्तू दुसऱ्यांना द्यायची किंवा विकायची असेल तर तिचा नकाशाही खुला ठेवायचा. याला 'खुलं हार्डवेअर' म्हणतात.

हे ऐकून मला आपल्या जिल्ह्यातल्या पद्मश्री राहीबाई पोपेरे आठवल्या. अकोले तालुक्यात कोंभाळण्याला त्यांनी देशी बियाण्यांची बँक केली. गावठी वाण एकदा घेतलं की पुढच्या पेरणीचं बी आपल्याच घरात. संकरित बियाण्याला दर हंगामात दुकान गाठावं लागतं. खुला लॅपटॉप हे गावठी बियाणंच समजा.

आता दुसरी बाजू. बँकेचा माणूस आहे, जमेबरोबर नावेची बाजूही वाचणार. हा लॅपटॉप जाड आहे, वेगानं कमी आहे आणि सुट्या भागांचा संचसुद्धा २०२० साली हजार डॉलरच्या घरात जात होता. तुम्ही तो घ्यावा असं मी म्हणत नाही. पण लॅपटॉप उघडता येईल असा बनवता येतो, एवढं त्यानं सिद्ध केलं.

आणि हे आपल्या महाराष्ट्रातही दिसलेलं आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावात, एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना 'एक्सओ' नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. अमेरिकेतल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेचे ते. त्याचे नकाशे रिफॉर्मइतके खुले नव्हते, पण साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं तो उघडायचा आणि जादा स्क्रू त्याच्याच मुठीत ठेवलेले असायचे! उन्हात वाचता येईल असा पडदा, धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी कळफलक. खेड्यातल्या मुलाच्या हाती जाणार हे धरूनच त्याची रचना केली होती.

सरकारही या बाबतीत थोडं हललंय. ग्राहक व्यवहार खात्यानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. पण खरा जोर गिऱ्हाइकाच्या तोंडात असतो. म्हणून यापुढे लॅपटॉप घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : बॅटरी आपल्याला बदलता येते का? मेमरी आणि डिस्क वाढवता येते का? सुटे भाग किती वर्षं मिळतील? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार वरती विचारतोच.

शेवटचं आणि महत्त्वाचं. आजच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे : ऑफिसच्या कपाटातले आठ जुने लॅपटॉप भंगारात काढणे. माझी सूचना अशी की भंगारवाल्याला बोलवायच्या आधी ते उघडून बघावेत. जुनी यंत्रं आहेत, बहुतेकांची बॅटरी आणि मेमरी बाहेर निघते. एकाचा पडदा, दुसऱ्याची डिस्क असं करून आठातून चार जरी चालू झाले तरी आपल्या वॉचमनची आणि घरकामाला येणाऱ्या ताईंची जी मुलं संध्याकाळी या हॉलमध्ये दहावीचा अभ्यास करतात, त्यांची सोय होईल. भंगाराचे जे पैसे येणार होते, तेवढे मी माझ्या पेन्शनीतून सोसायटीत आजच भरतो. पावती मात्र पाहिजे!

बाजारातला तो मुलगा रविवारी येऊन शिकवायला तयार आहे. स्क्रू-ड्रायव्हर मी आणतो. आठवी-नववीतल्या पोरांनी सकाळी दहाला हॉलमध्ये यावं. मुलींनी तर यावंच.