फलाटावरचा अनोळखी माणूस

जेऊर स्टेशन दौंड-कुर्डुवाडी मार्गावरचं. केस-दाढी वाढलेला, भाषा न कळणारा कुणी फलाटावर दिसला, की आपण चहा-पाव देतो. चांगलंच आहे, पण त्याला घरही असू शकतं!

मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानींना गटाराचं पाणी करवंटीनं पिणारा तरुण दिसला. उपचारांनंतर कळलं, गडी आंध्रातला, पदवीधर. पुढे त्यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेनं अशा हजारोंना बरं करून घरी पोचवलं. कर्जतला त्यांचं केंद्र आहे, २०१८मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तेव्हा जेवू घाला, गावाचं नाव विचारा, ११२ फिरवा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. पुढच्या गाडीत बसवून देऊ नका. घर आणखी लांब पडतं.